वळवानंतरची पंगत

वळवाचा पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर जाऊन बसावं. दुपारी ऊन पुन्हा तापतं आणि वरचा थर सुकतो, म्हणून सकाळीच. शेत नसेल तर टेकडीवरचं, शाळेच्या कुंपणालगतचं, सोसायटीच्या मागच्या बाजूचं कुठलंही झाड चालेल. अट एवढीच, की खाली पानं पडलेली असावीत आणि ती कुणी रोज झाडून नेत नसावं. चप्पल काढा. सतरंजी घेतली तरी हरकत नाही, पण एक हात जमिनीला टेकेल असं बसा.

हे मनन सावकाश करायचं आहे. वाचता वाचता थांबायचं, मागं जायचं, एखादा भाग सोडूनही द्यायचा. मात्र शांतता मिळवायला बसला असाल तर थोडी निराशा होईल. जमीन शांत नसते. तुमच्या तळहाताखाली या घडीला खाणं चाललं आहे, काल संध्याकाळपासून अखंड, आणि आपण ते समजून घ्यायला बसलो आहोत.

आधी वास घ्या. पहिल्या थेंबांबरोबर उसळलेला तो मोठा वास आता ओसरला असेल. म्हणून चिमूटभर ओली माती नाकाशी न्या. १९६४ साली ऑस्ट्रेलियात इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी ‘नेचर’मध्ये या वासावर निबंध लिहिला, तेव्हा आपल्याकडच्या अत्तरवाल्यांचा उल्लेख त्यांना करावाच लागला. भाजलेल्या मातीतून हाच वास काढून तो चंदनाच्या तेलात धरून ठेवण्याचा धंदा उत्तर प्रदेशात आधीपासून चालू होता. त्या वासातला जो खोल, तळघरासारखा भाग आहे तो जिऑस्मिन नावाच्या द्रव्याचा. ते तयार करतात मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस गटातले जिवाणू. आपलं नाक या एका वासाबाबत फार तिखट आहे: पाण्याच्या लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी कळतं.

पुन्हा एकदा वास घ्या, आणि आता विचार करा की तो आपल्यासाठी नाही. २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्प्रिंगटेल नावाचे, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे, सहा पायांचे बिनपंखी जीव असतात. कुजकं पान हळूच उलटलंत तर टुणकन उडताना दिसतील. ते या वासाच्या दिशेनं जातात. जिवाणू बीजाणू धरायच्या वेळेला वास सोडतो, स्प्रिंगटेल येऊन त्याला खातो, आणि बीजाणू त्याच्या अंगाला चिकटून व विष्ठेतून पुढच्या ठिकाणी पोचतात. म्हणजे तुमच्या चिमटीतला हा सुगंध एक आमंत्रण आहे: या आणि मला खा.

याच गटातल्या एका जिवाणूपासून १९४३ साली अमेरिकेत, रटगर्समध्ये, अल्बर्ट शॅट्झ आणि सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन निघालं आणि क्षयाला पहिल्यांदा औषध सापडलं. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं, तेही अशाच एका मातीतल्या जिवाणूपासून. त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ असं गाव कायमचं बसलं आहे. पिंपरीतून जाताना कारखान्यांकडे बघून हे कुणाला सुचायचं नाही.

माती खाली ठेवा. थोडा वेळ काही करू नका.

मनन म्हटलं की श्वास आलाच, पण इथे स्वतःचा नको, जमिनीचा घ्या. तिच्या आतल्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, कारण मुळं आणि जीव आत श्वसन करत असतात आणि तो वायू हळूहळू वर झिरपतो. पृथ्वीभरचा हिशोब केला तर जमीन अशा रीतीनं वर्षाला जितका कार्बन सोडते, तो आपण कोळसा-तेल जाळून सोडतो त्याच्या आठ-दहा पट भरतो. तिचा सोडलेला बहुतेक झाडं परत ओढून घेतात. आपला उरतो.

कालच्या पावसानं या श्वासाचं काय केलं असेल? केनियातल्या मुगुगा इथल्या संशोधन केंद्रात एच. एफ. बर्च यांनी १९५०च्या दशकात माती पुरती वाळवून मग भिजवून पाहिली. भिजवल्याबरोबर तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा निघाला आणि नायट्रोजनही मोकळा झाला. पुन्हा वाळवली, भिजवली, पुन्हा तेच. कारण पुढे उलगडत गेलं. उन्हाळाभर आत जे जीव मेले त्यांची शरीरं तशीच पडून असतात. जे तगतात त्यांनी पाणी धरून ठेवण्यासाठी पेशीत निरनिराळी द्रव्यं साठवलेली असतात. वळीव कोसळला की पाणी वेगानं पेशीत घुसतं. कुणी साठा बाहेर ओतून वाचतो, कुणी फुटतो. दोन्हीकडून अन्न उघड्यावर येतं, आणि उरलेले काही तासांत त्यावर तुटून पडतात. पंगतच म्हणायची, पण अशी, की यातला वाढपीही थोड्या वेळानं कुणाच्या तरी पानात येतो.

शेतकरी म्हणतात, जमीन उन्हाळ्यात तापली पाहिजे. नांगरून उन्हात टाकलेल्या रानात पहिल्या पावसावर पीक तरारून येतं हा अनुभव खोटा नाही. बर्च यांना कुतूहल होतं तेही यामुळेच. फक्त हे लक्षात असू द्यावं की ती तरारी आधीच्या साठ्यातून आलेली असते. साठ्यात परत काही पडलं नाही, तर दर वर्षीचा लोंढा थोडा थोडा लहान होत जातो.

तळहात जमिनीवर तसाच राहू द्या. खालून वर येणारी हवा जाणवणार नाही, ती जाणवण्याइतकी नसतेच. तरी ती येते आहे हे माहीत असणं आणि हात तिथे असणं, एवढं पुरे.

आता एक ढेकूळ घ्या, सुपारीएवढं. बोटांनी दाबू नका, ते आपणहून कुठे फुटतं ते बघा. जिथे फुटेल तिथे बारीक दाणे सुटतील, आणि दाण्यांच्या अधेमधे केसापेक्षा बारीक मुळं दिसतील. त्याहूनही बारीक जे धागे आहेत ते बुरशीचे, डोळ्यांना सहसा न दिसणारे. १९८२ साली टिस्डॉल आणि ओड्स या ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी मातीचे हे दाणे कशानं बांधलेले असतात याची नीट मांडणी केली. अगदी सूक्ष्म कण जिवाणूंच्या चिकट स्रावांनी जुळतात, आणि असे जुळलेले कण मुळं व बुरशीचे धागे मिळून मोठ्या दाण्यांत बांधतात. धागे कायमचे टिकणारे नसतात. ते मरतात, खाल्ले जातात, नवे येतात. बांधणी टिकते ती बांधणं चालू राहतं म्हणून.

घरी गेल्यावर एक काम करता येईल. बांधावरच्या गवताखालचं एक ढेकूळ आणि त्याच शेतातल्या वर्षानुवर्षं नांगरलेल्या भागातलं एक, दोन्ही सावलीत पुरती वाळू द्या. मग पाण्यानं भरलेल्या दोन काचेच्या ग्लासांत अलगद सोडा. एक बहुधा बराच वेळ तसंच राहील. दुसरं बघता बघता तळाशी पसरेल आणि पाणी गढूळ होईल. मात्र एका गावची काळी आणि दुसऱ्या गावची मुरमाड अशी तुलना करू नका. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिचा स्वभाव वेगळा आहे, आणि या साध्या परीक्षेत ती विनाकारण नापास होते. मे महिन्यात तिला पडणाऱ्या हातभर खोल भेगा आठवा. वरचा पालापाचोळा, बिया, मेलेले किडे त्या भेगांत जाऊन पडतात आणि पावसाळ्यात भेगा मिटतात. दख्खनच्या या जमिनीला स्वतःची उलथापालथ स्वतः करायची सवय आहे. नांगर त्या मानानं कालचा.

ढेकळातल्या पोकळ्यांकडे परत या. दाण्यांच्या आत अगदी लहान, दाण्यांच्या मध्ये जरा मोठ्या. आकार महत्त्वाचा, कारण जिवाणू लहानात लहान पोकळीत लपू शकतो आणि अमिबाला तिथे शिरता येत नाही. सूत्रकृमी तर दाण्यांवर पसरलेल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यातूनच पोहतात. पापुद्रा सुकला की ते वाळून गुंडाळी करतात, ओल आली की पुन्हा हलू लागतात. जड ट्रॅक्टर ओल्या रानातून गेला की मोठ्या पोकळ्या आधी मिटतात, आणि खाणारे व खाल्ले जाणारे यांच्या वाटा तुटतात. जीव संपलेले नसतात, पण एकमेकांपर्यंत पोचत नाहीत.

वाटा तुटल्यानं एवढं काय बिघडतं? इथे जरा जास्त वेळ थांबू.

गवताचं एक मूळ डोळ्यांसमोर आणा. पानात उन्हावर तयार झालेल्या साखरेचा बऱ्यापैकी वाटा झाड मुळांवाटे मातीत सोडतं. वरवर पाहता ही उधळपट्टी. त्या साखरेवर मुळाभोवती जिवाणू माजतात, आणि वाढण्यासाठी मातीतला नायट्रोजन आपल्या शरीरात ओढून घेतात. म्हणजे झाडानं खर्च केला आणि नायट्रोजन दुसऱ्यानंच बळकावला. मग जिवाणूंना खायला अमिबा येतो. अमिबाच्या शरीराला कार्बनच्या मानानं नायट्रोजन जिवाणूपेक्षा कमी लागतो, म्हणून खाल्लेल्यातला जादा नायट्रोजन तो अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, तोही नेमका मुळाच्या शेजारी. स्वीडनच्या मारियान क्लार्होल्म यांनी १९८५ साली गव्हाच्या रोपांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका मातीत फक्त जिवाणू, दुसरीत जिवाणू आणि त्यांना खाणारे. खाणारे होते तिथल्या गव्हाला नायट्रोजन ठळकपणे जास्त मिळाला.

या गोष्टीवर रेंगाळावंसं वाटतं, कारण ‘सुपीक’ म्हटलं की आपण साठ्याचा विचार करतो: पोत्यात किती, मातीत किती, परीक्षणाच्या कागदावर किती. इथे साठा तोच होता. भर पडली ती खाणाऱ्याची. जमिनीचं आरोग्य तिच्यात काय आहे यापेक्षा एका तोंडातून दुसऱ्या तोंडात काय जातं आहे यावर ठरतं, असं मला वाटतं. आणि ही साखळी कुणाच्या सद्भावनेवर चालत नाही. अमिबाला गव्हाचं काही पडलेलं नाही.

बुरशीचंही इथेच सांगून टाकतो. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांत राहणारी एक जुनी बुरशी आहे, जी मुळातून साखर घेते आणि दूरवर धागे पसरून स्फुरद आणून देते. स्कॉटलंडमधल्या राइनी इथल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत ही जोडी सापडते, तेव्हा झाडांना धड मुळंही नव्हती. अलीकडे हिच्याबद्दल फार गोड बोललं जातं: झाडं एकमेकांशी बोलतात, आई झाड पिल्लांना पाजतं, वगैरे. यातला बराचसा भाग पुराव्याच्या पुढे धावलेला आहे. धागे खरे, देवघेव खरी. आईपण आपलं.

आता गांडूळ. ज्याची सगळे वाट बघत असतील.

वळीव एकच झाला असेल तर ते अजून दिसणार नाही. उन्हाळ्यात आपल्याकडची कितीतरी गांडुळं खोल जाऊन, स्वतःभोवती चिकट आवरण करून, गुंडाळी होऊन पडून राहतात. ओल तिथवर पोचायला मृग लागतो. तोवर चार्ल्स डार्विनकडे जाऊ.

डार्विननं १८३७ साली गांडुळांवर पहिला निबंध वाचला आणि १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांच्यावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. मधल्या काळात त्यानं जे जगप्रसिद्ध केलं ते केलं, पण गांडुळं सुटली नाहीत. केंट परगण्यात डाऊन इथे त्याच्या घराजवळ एक कुरण होतं. डिसेंबर १८४२ मध्ये त्याच्या एका भागावर खडूचे तुकडे पसरले होते. डार्विननं वाट बघितली. नोव्हेंबर १८७१ मध्ये तिथे चर खणला, तेव्हा तुकड्यांची पांढरी रेघ सात इंच खाली गेलेली होती. तुकडे बुडाले नव्हते. गांडुळांनी खालची माती खाऊन वर आणून टाकली होती, २९ वर्षं, विष्ठेच्या एकेका बारीक ढिगानं. त्याच्या हिशोबानं इंग्लंडच्या बऱ्याच भागात एकरी दहा टनांहून जास्त सुकी माती दर वर्षी त्यांच्या पोटातून वर येते.

घरात कुंड्यांत गांडुळं पाळून त्यानं आणखी उद्योग केले. मुलाला त्यांच्यासमोर ‘बासून’ नावाचं वाद्य वाजवायला लावलं, शिट्ट्या फुंकून पाहिल्या. गांडुळं ढिम्म. पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला की ती झटकन बिळात जात, म्हणजे ऐकू येत नाही पण कंप कळतो. पान बिळात ओढताना ती निमुळतं टोक धरतात का, हे पाहायला त्यानं कागदाचे त्रिकोण कापून टाकले. इतक्या मोठ्या माणसानं इतक्या बारीक गोष्टीपुढे इतका वेळ बसावं, याची मला डार्विनच्या सिद्धान्ताहूनही जास्त मजा वाटते. एवढ्याशा दुबळ्या जीवाकडून एवढं मोठं काम होणं शक्य नाही, असं म्हणणारे टीकाकार त्याला भेटलेच. त्याचं उत्तर थोडक्यात असं, की लोकांना सतत घडणाऱ्या लहान गोष्टींची बेरीज करता येत नाही.

ती बेरीज करून पाहा. सात इंच म्हणजे तुमच्या हाताच्या वितीपेक्षा जरा कमी. वीत जमिनीवर उभी धरा आणि तेवढ्या उंचीत २९ वर्षं भरा. तेवढ्या काळात तुम्ही काय काय केलंत ते आठवलं तरी चालेल.

पण गांडूळ दिसलं की जमीन सुखी, असं समीकरण बांधू नका. अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटाच्या जंगलांत, हिमयुगातल्या बर्फानं सगळं खरवडून नेल्यानंतर गांडुळं उरलीच नव्हती. ती जंगलं पानांच्या जाड, सावकाश कुजणाऱ्या थरावर उभी राहिली. युरोपातून आलेल्या लोकांबरोबर, रोपांच्या मातीतून, मासेमारीच्या आमिषातून गांडुळं आली आणि तो थर खाऊन मोकळी झाली. त्या थरावर अवलंबून असलेली नेचे आणि रानफुलं मागे हटली, झाडांची रोपं तगेनाशी झाली. जे काम डाऊनच्या कुरणाला पोसतं तेच तिथे जंगल उसवतं. आपल्याकडचा एक गैरसमजही इथे निघून जावा: गांडूळखताच्या खड्ड्यात जी परदेशी जात असते ती शेण-पालापाचोळ्यात राहणारी, तुमच्या रानात बिळं करणारी नव्हे. खत उत्तम. पण ते टाकलं म्हणजे रानात गांडुळं सोडली असं होत नाही. रानातली आधीपासून रानातच असतात, खाली, गुंडाळी होऊन.

दख्खनच्या कोरड्या भागात तर गांडुळाच्या बरोबरीनं मातीचं काम वाळवी करते. विदर्भात तिला उधई म्हणतात आणि घरात निघाली की शिव्या देतात. बांधावरचं वारूळ तुमच्या नजरेच्या टप्प्यात असेल तर त्याच्याकडे वळून बसा. ते उभारलं आहे खालच्या थरातली माती दाणा दाणा वर आणून. आतल्या कक्षांत ही वाळवी शेती करते: चघळलेल्या लाकडाचा लगदा रचून त्यावर एक बुरशी वाढवते, कारण लाकूड नीट पचवणं तिच्या एकटीच्या पोटाला झेपत नाही. बुरशी लाकूड मऊ करते, वाळवी बुरशी खाते. आफ्रिकेत सुरू झालेला हा संसार सुमारे तीन कोटी वर्षं जुना आहे. त्या बुरशीचा वंश फक्त वाळवीच्याच घरात वाढतो, प्रयोगशाळेत तिची अळंबी पिकवणं अजून कुणाला नीटसं साधलेलं नाही.

ऐन पावसाळ्यात या बुरशीच्या छत्र्या वारुळावर उगवतात. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, आणि रोयणीवरच्या अळम्यांना बाजारात मटणाहून जास्त भाव येतो. त्या ओरबाडल्या जाऊ नयेत म्हणून नंदकुमार कामत यांच्यासारखे बुरशीचे अभ्यासक वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. गोव्यात आणि तळकोकणात सातेरीच्या कितीतरी देवळांत गाभाऱ्यात वारूळच असतं, हेही इथे बसल्या बसल्या आठवावं. कुणी तिला भूमी म्हणतं, कुणी ग्रामदेवता. जिवंत माती हीच मूर्ती, वेगळी घडवायची गरज वाटली नाही. याचा अर्थ पूर्वजांना मृदाशास्त्र येत होतं असा मी काढणार नाही. मातीचा ढिगारा आपोआप वाढतो हे त्यांनी पाहिलं आणि त्यापुढे हात जोडले. पाहणं तरी नक्कीच झालं होतं.

एव्हाना पाय अवघडले असतील. उठा, फिरा, पाणी प्या. पुढचा भाग संध्याकाळी केला तर उत्तम.

कारण संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे निघतात. वळवाची ओल लागली की जमिनीतून वर येऊन ते तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, पाला खातात, जुगतात आणि पुन्हा मातीत शिरून अंडी घालतात. पावसाळ्यात त्यांच्या अळ्या उसाची, भुईमुगाची मुळं कुरतडतात. सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या रानात हुमणी लागली की बेट हातानं उपटून येतं, खाली मूळच शिल्लक नसतं. ज्याचं असं रान गेलं आहे त्याला मातीतल्या जीवसृष्टीचं कौतुक ऐकवणं बरं नव्हे. या लेखात आतापर्यंत ज्या खाण्याचं गुणगान झालं, त्याच पंगतीला हुमणीही बसलेली आहे, आणि तिच्या पानात आपलं पीक आहे. लोक फांद्या हलवून भुंगेरे गोळा करतात, रॉकेलच्या पाण्यात टाकतात, प्रकाश सापळे लावतात. करायलाच हवं ते.

तरी हुमणीपाशीही थोडा वेळ बसता येतं. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी तिला मारते, आणि आज कृषी विद्यापीठं ती शेतकऱ्यांना देतात. ही युक्ती जुनी आहे. रशियन साम्राज्यात ओडेसाच्या भागात गव्हावरच्या भुंगेऱ्यांविरुद्ध इल्या मेचनिकॉव्ह यांनी ती १८७९ साली करून पाहिली होती. पुढे शरीरातल्या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल त्यांना नोबेल मिळालं. कोण कुणाला खातं याचंच कुतूहल त्यांना आयुष्यभर होतं असं दिसतं. आणि २०१२ साली कॅनडात मायकेल बिडोच्का यांच्या गटानं दाखवून दिलं की हीच बुरशी मुळांतही राहते, आणि मारलेल्या अळीतला नायट्रोजन धाग्यांवाटे झाडाला पोचवते. मुळं खाणाऱ्या अळीचं शरीर असं मुळातच परत जाऊ शकतं. भरपाई मिळाली असं मात्र समजू नये; उपटून आलेलं बेट काही परत रुजत नाही.

काही दिवसांनी, मृगाच्या पावसावर, तांबडा मखमली मृगाचा किडा जमिनीवर दिसू लागेल. मुलं तो तळहातावर घेतात. तो कोळी-गोचिडांचा भाऊबंद आहे आणि किड्यांची अंडी, वाळवी वगैरे खातो. एवढा देखणा जीव वर्षातला बहुतेक काळ मातीत काय करत असतो, असं मनात येतं ना? तसंच बाकीच्यांबद्दलही येऊ द्या. पृथ्वीवरच्या वरच्या मातीत सूत्रकृमी किती असतील याचा २०१९ साली अंदाज केला गेला. प्रत्येक माणसामागे सुमारे ५७ अब्ज निघाले. जगातल्या एकूण प्रजातींपैकी ५९ टक्के मातीत राहतात असं २०२३ मधला एक स्विस हिशोब सांगतो, आणि हा आकडा पंधरा टक्के इकडे-तिकडे असू शकतो हेही प्रामाणिकपणे सांगतो. आकड्यांशी फार झटापट करू नका.

त्यापेक्षा त्याच संशोधकांच्या वर्तुळातला २०१४ चा झ्युरिकमधला प्रयोग मनात धरायला सोपा आहे. कॅमेरॉन वॅग आणि सहकाऱ्यांनी माती अधिकाधिक बारीक चाळण्यांतून गाळून त्यातले जीव आकारानुसार कमी कमी करत नेले आणि वेगवेगळ्या मातींत कुरणाची झाडं वाढवली. जीव जितके कमी, तितकी झाडांची विविधता घटली, कुजणं मंदावलं, आणि पोषक द्रव्यं पाण्याबरोबर जास्त वाहून गेली. एखादा गट गेला म्हणून सगळं कोसळलं असं नाही. एकेक काम जरा जरा ढिलं पडत गेलं. हे ढिलं पडणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण त्याला वाईट वर्ष म्हणतो, बियाणं खराब म्हणतो.

नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी जी सगुणा पद्धत बसवली तिच्यात चिखलणी नाही, दर वर्षीची नांगरट नाही, राब भाजणं नाही. गादीवाफे एकदा करायचे, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, तिथेच कुजू द्यायची. कोकणात चिखलणीशिवाय भात म्हणजे काय, हे ऐकून म्हातारे हसले असतील. ही पद्धत धरलेले शेतकरी वाफ्यांत गांडुळं परत आल्याचं सांगतात. सगळ्या जमिनींना, सगळ्या पिकांना ती लागू पडेल असं नाही, तणाचा प्रश्न उरतोच. पण जमिनीला खायला ठेवायचं आणि तिच्यातल्या वाटा दर वर्षी तोडायच्या नाहीत, एवढं तिच्यातून कुणालाही घेता येईल, ज्याच्याकडे चार कुंड्या आहेत त्यालाही.

जाण्याआधी एक काम उरलं आहे. जुन्या धुतलेल्या सुती धोतराचे किंवा बनियनचे दोन सारखे तुकडे घ्या, शिवण किंवा लवचिक पट्टी नसलेले. एक बांधावर झाडाखाली, एक मधल्या सरीत, दोन्ही वीतभर खाली पुरा. सुती कापड म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज, मातीतल्यांच्या दृष्टीनं गवताची काडी. दोन महिन्यांनी उकरून बघा, कुठलं किती खाल्लं गेलं. कॅलेंडरवर तारीख लिहा, आणि दोन्ही ठिकाणी काठी रोवायला विसरू नका. पाऊस लागला की गवत वाढतं आणि मग जागा सापडत नाही.